५ केव्हीच्या जागी ४.३ का आले, आणि २० सेक्शन करून काही होणार आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फूड टेक्नॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी उसाचा रस न उकळता टिकवायचाय, म्हणजे रसाला हाय व्होल्टेजचे छोटे छोटे पल्स देऊन जंतू मारायचे. चेंबरचा रेझिस्टन्स ५० ओहम धरलाय, पल्स २ मायक्रोसेकंदाचा आणि सपाट माथ्याचा हवाय, लोडवर १० केव्ही हवेत. ५ सेक्शनचं पीएफएन (पल्स फॉर्मिंग नेटवर्क) बनवलं, म्हणजे कॉइल-कपॅसिटरची शिडी, १० केव्हीला चार्ज केलं, स्पार्क गॅपमधून, म्हणजे ठिणगीच्या स्विचमधून, सोडलं. स्कोपवर आले ४.३ केव्ही, माथा डोंगररांगेसारखा, आणि पल्स संपल्यावर खाली उलट्या दिशेला साधारण ६०० व्होल्टची एक पायरी. आता विचारताय की ५ च्या जागी २० सेक्शन केले तर सुटेल का. सोबत सेटअपचा फोटो आहे.

नाही सुटणार. पण तुमचा तो स्कोपचा आकडा इतका बोलका आहे की सगळं निदान त्यातच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. वीसेक वर्षं मॉड्युलेटर (असे पल्स देणारी यंत्रं) बनवण्यात आणि त्याहून जास्त वेळ ते दुरुस्त करण्यात गेलाय, तेव्हा चालवून घ्या.

आधी अर्ध्या व्होल्टेजचं. १० ला चार्ज केलं तर मॅच लोडवर, म्हणजे शिडीइतक्याच ओहमच्या लोडवर, ५ च येणार, तो नियमच आहे, तुमची चूक नाही. गॅप पेटली की लाइन (म्हणजे तुमची शिडीच) आणि लोड समोरासमोर येतात, दोघं ५० चे, व्होल्टेज निम्मं निम्मं वाटलं जातं. मग "निम्मं गेलं" ही बातमी घेऊन एक लाट लाइनमधून मागे जाते, मागच्या उघड्या टोकाला आपटते आणि परत येताना उरलेलं निम्मं पण गोळा करत येते. ती लोडपाशी पोचली की लाइन पूर्ण रिकामी, पल्स खलास. म्हणून पल्सची लांबी ही लाटेला लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट असते. हे एवढं डोक्यात चित्र म्हणून बसलं ना, की बाकी सगळं डिझाइन म्हणजे लाट कुठे जाते आणि कुठे आपटते याचा हिशोब आहे फक्त.

आता ५ च्या जागी ४.३ का? लोड आणि लाइन यांच्यात १० केव्ही वाटले गेले आणि लोडला ४.३ मिळाले, म्हणजे लाइनला ५.७. लाइन ५० ची असेल तर लोड झाला ५० गुणिले ४.३ भागिले ५.७, म्हणजे ३८ ओहम. ५० नाही! आता उलटतपासणी करू. ३८ च्या लोडवर ५० ची लाइन रिकामी केली तर परतीचा गुणांक (लोडवर आपटून लाटेचा किती भाग मागे फिरतो तो) येतो ३८ वजा ५०, भागिले ३८ अधिक ५०, म्हणजे साधारण उणे ०.१४. ४.३ केव्हीला ०.१४ ने गुणा. ६०० व्होल्ट, आणि उणे. तुमची ती खालची पायरी हीच. ट्रेसवर दोन वेगवेगळ्या जागी घेतलेली मापं एकच उत्तर देतायत, म्हणजे लोड लाइनपेक्षा कमी ओहमचा आहे, आणि पहिला संशय चेंबरवर.

मला शंभर टक्के वाटतं की चेंबरचे ५० ओहम तुम्ही मल्टिमीटरने मोजलेत. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, आणि रस म्हणजे आयनांचं पाणी, इलेक्ट्रोडजवळ चार्जचा थर जमतो आणि मीटर जास्त रेझिस्टन्स दाखवतो, शिवाय आकडा हळूहळू सरकत राहतो. एलसीआर मीटर (एसीवर मोजणारा) घ्या, ५०-१०० किलोहर्ट्झवर मोजा, ज्या तापमानाला चालवणार त्याच तापमानाला मोजा. आणि रोजच्या रसाचं मोजा, कारण ऊस बदलला, लिंबू पिळलं, पाणी घातलं (रसवंतीवाला घालतोच) की आकडा बदलतो.

आणि गोष्ट इथेच थांबत नाही. ५० ओहमवर १० केव्ही म्हणजे २०० अँपिअर, २ मायक्रोसेकंदात ४ जूल. ५ मिलिमीटर गॅप आणि ५० ओहम धरले तर चेंबरमध्ये रस असेल दीडपावणेदोन मिलिलिटर. एका पल्सने रस अर्ध्या डिग्रीच्या थोडा वर तापतो. तोच रस चेंबरमध्ये उभा ठेवून २० पल्स दिलेत तर ११ डिग्री वाढले, आणि असल्या द्रावणाची कंडक्टिव्हिटी दर डिग्रीला साधारण २ टक्के वाढते, म्हणजे सकाळी ५० चा असलेला लोड विसाव्या पल्सला ४० च्या आसपास आला. तुमचं मॅचिंग पहिल्या पल्सला बरोबर आणि विसाव्याला चुकलेलं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नेटवर्क लोडच्या बाजूने मागे मागे डिझाइन करत यायचं. कपॅसिटर कुठले मिळतायत तिथून सुरुवात करायची नाही, आणि बहुतेक लोक नेमके तिथूनच करतात कारण लॅबच्या कपाटात कोणीतरी ठेवून गेलेले डोअरनॉब (दाराच्या मुठीसारखे हाय व्होल्टेजचे सिरॅमिक कपॅसिटर) असतात.

अजून एक, त्याच्याही आधीचा प्रश्न. सपाट पल्स खरंच हवाय का? शेताच्या कुंपणाचं झटका मशीन बघितलंय ना, रानडुकरांसाठी लावतात ते. त्यात एक कपॅसिटर, एक थायरिस्टर (स्विच), एक ट्रान्सफॉर्मर, संपलं. डुकराला पल्सचा माथा सपाट आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. रसासाठी सपाट लागतो याला कारण आहे, साध्या कपॅसिटरची शेपटी लांब असते, त्या शेपटीत जंतू मारण्याइतकी फील्ड नसते पण रस तापवायला पुरते, मग न उकळता टिकवायचा हेतूच गेला. तुमच्या बाबतीत पीएफएन योग्यच आहे. पण कोणी नुसतं दगड फोडायला किंवा ठिणगी पाडायला पीएफएन बनवत असेल तर मी हात जोडतो.

बरं, आकडे. ५० ओहम, २ मायक्रोसेकंद. एकूण कपॅसिटन्स म्हणजे पल्सची लांबी भागिले इम्पीडन्सच्या (लाइनच्या त्या ५० ओहमच्या) दुप्पट, २० नॅनोफॅरड. एकूण इंडक्टन्स म्हणजे लांबी गुणिले इम्पीडन्स भागिले दोन, ५० मायक्रोहेन्री. ५ सेक्शन केले तर प्रत्येकात ४ नॅनोफॅरड आणि १० मायक्रोहेन्री, हे तुमचं बरोबर आहे. लोडवर १० मिळायला २० केव्हीला चार्ज केलं तर एनर्जी ४ जूल, म्हणजे लोडला हवी तेवढीच, हिशोब जुळला. हा एनर्जीचा ताळा दर वेळी करायचा, सूत्रात दोनाचा घोळ झाला असेल तर इथे पकडला जातो.

गंमत म्हणजे आरजी-२१३ ही कोअ‍ॅक्सिअल केबल घेतलीत तर तीही ५० ओहमची, मीटरला ५ नॅनोसेकंद आणि १०० पिकोफॅरड, एका दिशेला १ मायक्रोसेकंद हवा म्हणजे २०० मीटर, आणि २०० मीटरचे होतात बरोबर २० नॅनोफॅरड. तीच एनर्जी, तेच व्होल्टेज, फक्त पसरलेली. पल्स शिडीपेक्षा देखणा येतो. पण ती केबल २० केव्हीसाठी नाही, थोडे दिवस सहन करेल आणि मग एका रात्री टोकाशी फुटेल. ५०-१०० नॅनोसेकंदांच्या कामाला केबल सुरेख, मायक्रोसेकंदांना शिडीच.

माथ्यावरचे डोंगर. इथे तुमचा २० सेक्शनचा प्रश्न येतो. सारख्या कॉइल आणि सारखे कपॅसिटर एकापुढे एक लावले, कॉइल एकमेकींपासून सुट्या, तर सुरुवातीचा उसळलेला भाग सेक्शन वाढवून जात नाही. तो फक्त अरुंद होऊन पुढच्या कोपऱ्याला चिकटतो. मोजक्या भागांच्या नेटवर्कमधून एकदम उभ्या कडेचा पल्स मागितला की असंच होणार, गणितच तसं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एमआयटीत रडारच्या मॉड्युलेटरचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या गिलेमिन या नेटवर्कच्या जाणकाराने हेच ओळखलं की मागणीच चुकीची आहे, कडेला थोडा उतार द्या, मग नेटवर्क ऐकतं. त्याची जी टाइप-ई रचना आहे ती आजही सगळे वापरतात कारण बनवायला सोपी. सगळे कपॅसिटर सारखे, आणि पाच सुट्या कॉइलऐवजी एकच लांब कॉइल, तिला टॅप काढायचे. शेजारच्या सेक्शनमधलं म्युच्युअल इंडक्टन्स सेक्शनच्या १५ टक्क्यांच्या आसपास यायला हवं, त्यासाठी एका सेक्शनची लांबी व्यासाच्या साधारण सव्वा ते दीडपट ठेवायची. दोन्ही टोकांच्या सेक्शनला २०-३० टक्के इंडक्टन्स जास्त.

तुमच्यासाठी प्लंबरवाला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. अर्धा मीटर लांबीत ७० वेढे, म्हणजे साधारण ७ मिलिमीटरला एक वेढा, दर १४ वेढ्यांना टॅप, आणि दोन्ही टोकांना दोनतीन वेढे जादा. ५० मायक्रोहेन्रीच्या जवळ जाल. मग बारीक जुळवणी करायला तांब्याच्या पत्र्याची एक रिंग करा, ती पाइपात आत सरकवली की त्या जागचा इंडक्टन्स कमी होतो आणि माथ्यावरचा तेवढाच भाग हलतो. कमी व्होल्टेजवर, ५०-१०० व्होल्टला, मॉस्फेट स्विच लावून हे सगळं टेबलावर बसून करता येतं. एका दुपारचं काम आहे आणि फार समाधानाचं काम आहे, रिंग दोन सेंटिमीटर सरकवली की तिसरा डोंगर खाली बसतो, चौथा वर येतो, मग परत.

डोअरनॉब कपॅसिटरवरून आठवलं. फोटोत जे निळे दिसतायत ते बेरियम टायटनेटचे असतील तर त्यांचा कपॅसिटन्स व्होल्टेज चढलं की उतरतो, रेटिंगच्या जवळ चांगला तीसचाळीस टक्के जाऊ शकतो. म्हणजे १०० व्होल्टला तुम्ही ट्यून केलेलं नेटवर्क १० केव्हीला वेगळंच नेटवर्क असतं, इम्पीडन्स चढलेला आणि पल्स आखडलेला. वर मी लाइन ५० ची धरून ३८ काढले, पण कपॅसिटर असे असतील तर लाइन ५० ची राहिली नसेल आणि चेंबर ३८ पेक्षा जास्त निघेल. पल्सची लांबी मोजा, २ मायक्रोसेकंदापेक्षा स्पष्ट कमी असेल तर चोर हा. पॉलिप्रॉपिलीन फिल्म वापरा, किंवा मायका परवडत असेल तर मायका.

पल्सची पुढची कड. पहिल्या सेक्शनचे १० मायक्रोहेन्री आणि वाटेतले १०० ओहम, लाइनचे ५० आणि लोडचे ५०, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १०० नॅनोसेकंद, कड २०० च्या वर. सेक्शन वाढवून मिळतं ते इथे, १० सेक्शन केले तर कड निम्मी होईल. २ मायक्रोसेकंदाच्या पल्सला २०० ची कड चालते, मी ५-६ वर थांबेन. वायरींचं म्हणाल तर उघड्या वायरच्या लूपचा इंडक्टन्स ढोबळ मानाने मीटरला १ मायक्रोहेन्री, तुमच्या १०० ओहमच्या लूपमध्ये तो १० नॅनोसेकंद देतो, म्हणजे काहीच नाही. पण हेच नेटवर्क कमी इम्पीडन्सचं असतं तर? सर्नला एलएचसीत (कण वेगाने फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रात) बीम आत घेताना जे किकर मॅग्नेट (बीमला झटक्यात वळवणारे) वापरतात त्याचं पीएफएन ५ ओहमचं आहे, ५४ केव्हीला चार्ज होतं, मॅग्नेटला निम्मे म्हणजे २७ केव्ही आणि ५.४ किलोअँपिअर मिळतात. तिथे एक मीटर ढिली वायर टाकली तर तीच १०० नॅनोसेकंद खाते. म्हणून तिथे केबलसुद्धा समांतर जोडून नेतात. तुमच्या मित्राने सगळ्या केबल सेंटिमीटरला सेंटिमीटर सारख्या कापायला सांगितल्यात ना, २० सेंटिमीटर म्हणजे १ नॅनोसेकंद, तुमच्या कडेपुढे ते किस झाड की पत्ती, नका कापत बसू.

१० केव्ही लोडवर मिळवायचे दोन मार्ग. एक, सरळ २० ला चार्ज करा. दोन, ब्लूमलाइन. अ‍ॅलन ब्लूमलाइन हा ब्रिटिश इंजिनिअर, स्टिरिओ आवाजाचं मूळ काम त्याचंच, १९४२ मध्ये रडारच्या चाचणीचं विमान पडलं त्यात गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या रचनेत दोन लाइन असतात, मध्ये लोड, स्विच एकाच लाइनच्या टोकाला. जेवढं चार्ज कराल तेवढं पूर्ण व्होल्टेज लोडवर येतं. तुम्हाला २५-२५ ओहमच्या दोन लागतील, प्रत्येकी ४० नॅनोफॅरड. ऐकायला छान, पण फुकट काही मिळत नाही. स्विचमधून सुरुवातीलाच ४०० अँपिअर जातात, लोडच्या दुप्पट. कपॅसिटर चौपट. आणि साध्या मांडणीत लोडचं एकही टोक अर्थला नसतं, म्हणजे रसाचा पाइप, पंप, टाकी सगळं हवेत तरंगतं. रस वाहणार आहे, रस करंट वाहून नेतो, पंपाची बॉडी धरून कोणीतरी उभा असणार. तुमच्यासाठी २० केव्ही आणि साधं पीएफएन, एक इलेक्ट्रोड पक्का अर्थला. याच्यात चर्चा नको.

ब्लूमलाइनची जागा दुसरी आहे, जिथे मेगाव्होल्ट लागतात आणि चार्जिंगचं व्होल्टेज दुप्पट करणं परवडतच नाही तिथे. आपल्याकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत काली नावाची जी मशीनं बांधली त्यात मार्क्स जनरेटरने (कपॅसिटर समांतर भरून सिरीजमध्ये सोडणारा) ब्लूमलाइन भरतात आणि ती इलेक्ट्रॉन बीमच्या डायोडवर रिकामी करतात. अमेरिकेत सँडियाच्या झेड मशीनमध्ये असे ३६ मार्क्स आहेत, आधी तेलात, मग एनर्जी पाण्याच्या लाइनमध्ये जाते, मग व्हॅक्युममध्ये, प्रत्येक टप्प्यावर पल्स आखडत आखडत शेवटी २६ मेगाअँपिअरच्या आसपास करंट १०० नॅनोसेकंदांत चढतो. पाणी कशाला, तर पाण्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या घरात, लाट प्रकाशाच्या नवव्या हिश्शाने चालते, लाइन तेवढी आखूड होते. फक्त पाणी डिआयोनाइज्ड हवं आणि भरल्या भरल्या काही मायक्रोसेकंदांत सोडायला हवं, नाहीतर चार्ज पाण्यातच झिरपतो. ज्यांना जागेची अडचण आहे ते पाण्याची लाइन गुगल करतात आणि मला फोन करतात, मी त्यांना आधी पाण्याच्या प्लँटचा खर्च काढायला सांगतो.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाही पण होणारच आहे ती. उसाच्या रसाला फेस येतो. फेसाचा एक बुडबुडा चेंबरमध्ये अडकला की तिथे आर्क पडते, आणि आर्क म्हणजे लोड शून्य ओहम. परतीचा गुणांक उणे एक. सगळं चार्ज उलट होऊन परत नेटवर्कमध्ये, २० केव्हीचे उणे २०, पुढेमागे हेलकावे. कपॅसिटरचं आयुष्य अशा उलट्या झटक्यांनी संपतं, साध्या पल्सनी नाही. उपाय जुना आणि स्वस्त आहे, नेटवर्कच्या मागच्या उघड्या टोकाला डायोडची माळ आणि सिरीजमध्ये ५० ओहमचा रेझिस्टर, सरळ चार्जला डायोड गप्प, उलट लाट आली की ती रेझिस्टरमध्ये जिरते. रेझिस्टर नॉन-इंडक्टिव्ह हवा, वायर गुंडाळलेला नको. रस गाळून घ्या, फेस बसू द्या, चेंबर उभं लावा आणि रस खालून वर वाहू द्या म्हणजे बुडबुडे आपोआप निघतात.

पुढे स्पार्क गॅपच्या जागी थायराट्रॉन (गॅस भरलेली स्विचची नळी) लावलात तर हा मुद्दा वेगळ्या रूपात येईल. थायराट्रॉन उलटा करंट नीट घेत नाही, उणं व्होल्टेज नेटवर्कवर तसंच राहतं, आणि रेझोनंट चार्जिंग (रेझिस्टरऐवजी कॉइलमधून) असेल तर पुढचा चार्ज त्या उण्यापासून सुरू होऊन ठरल्यापेक्षा वर जातो, त्याच्या पुढचा आणखी वर. रडारवाले लोड मुद्दाम चारपाच टक्के कमी ठेवतात, थोडं उणं राहिलं तर नळी लवकर सावरते म्हणून, पण थोडंच. सध्या तुम्ही सेकंदाला १० पल्स देणार, रेझिस्टरमधून चार्ज करा. रेझिस्टर कपॅसिटरएवढीच एनर्जी खातो, ४ जूल, १० वेळा, ४० वॅट. जाऊ दे. सेकंदाला ३०० करायचे झाले की बाराशे वॅट होतात, तेव्हा बघू.

माप घेण्याबद्दल एकच. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडा, दोन्ही चेंबरच्या अर्थला लावा आणि पल्स मारा. स्कोपवर सरळ रेघ यायला हवी. जे काही वळवळताना दिसेल ते सगळं खोटं आहे आणि ते तुमच्या आधीच्या ट्रेसमध्येही मिसळलेलं होतं. मी पैज लावतो, तुमचे दोन तरी डोंगर तिथेच निघतील.

आणि फोटोत मला अर्थिंगची दांडी (कपॅसिटर अर्थला जोडून रिकामे करायची) दिसली नाही. पूर्वी एके ठिकाणी काम करताना आम्ही ब्लीडर रेझिस्टरवर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) विसंबून होतो, तो आतून ओपन झालेला, मीटर शून्य दाखवत होता कारण मीटर पण त्याच्याच खालच्या टॅपवरून घेतलेला. मी कपॅसिटरची पट्टी सोडवायला पाना लावला आणि पुढचं आठवतं ते मागच्या कपाटाला टेकून बसलेलो, पान्याच्या तोंडाला वाटाण्याएवढा खड्डा. तो पाना अजून आहे माझ्या ड्रॉवरमध्ये. फिल्म कपॅसिटर रिकामे करून सोडले तरी थोड्या वेळाने स्वतःहून थोडे परत भरतात, म्हणून दांडी नुसती टेकवून काढायची नाही, काम होईपर्यंत टर्मिनलला अडकवून ठेवायची, आधी शंभरेक ओहमच्या रेझिस्टरमधून आणि मग सरळ. दांडीची वायर पारदर्शक नळीतली घ्या, आत तुटलेली दिसते. चेंबर एलसीआरवर मोजायच्या आधी ही दांडी बनवा.